चाळीस लिटर

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला शुक्रवारी रात्री लहर आली, की शनिवारी सकाळी ती राजगडाच्या पायथ्याशी असते. पाठीवर वीस-बावीस लिटरची सॅक, आत पाणी, डबा आणि विंडचीटर. रात्रीच्या जेवणाला घरी परत. आम्हां नागपूरकरांना डोंगर असा शेजारी मिळालेला नाही. इथून मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर. कळसूबाईला जायचं तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढा, नाशिक रोडला उतरा, मिळेल त्या गाडीनं पायथ्याचं बारी गाव गाठा आणि मग चढायला लागा. पचमढीला आपण जवळची म्हणतो, पण तीही सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं करत जवळजवळ अख्खा दिवस खाते. चिखलदऱ्याला अमरावती आणि परतवाडा ओलांडावं लागतं.

त्यामुळे ट्रेकची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी, हा भेद आमच्याकडे टिकत नाही. जी बॅग रात्री बर्थखाली जाते, तीच सकाळी एसटीत मांडीवर असते, दुपारी लॉजच्या खाटेवर उघडते आणि दुसऱ्या दिवशी कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटर उंचीवर पाठीशी असते. तिला हे सगळं जमलं पाहिजे. अशी बॅग कशी ओळखायची हे कळायला मला दहा वर्षं आणि दोन बॅगा लागल्या. तिसरी आता दारामागच्या खुंटीला टांगलेली आहे. चाळीस लिटरची, राखाडी रंगाची. लिहायचं आहे ते तिच्याविषयी, पण आधीच्या दोघींना वगळून तिची गोष्ट सांगता येत नाही.

पहिली साठ लिटरची होती. कधीतरी हिमालयात जायचं मनात होतं, म्हणून मोठीच घेऊन ठेवू असं वाटलं, आणि फोटो पाहून ऑनलाइन मागवली. हिमालय राहिला लांब, तिची पहिली सफर झाली पचमढीची. डिसेंबर होता, चार दिवसांचा बेत. मोठ्या बॅगेचं असं असतं, की ती अर्धी रिकामी बघवत नाही. मी दोन स्वेटर घेतले, जाड टॉवेल घेतला, बुटांचा आणखी एक जोड, आईनं दिलेला चिवड्याचा मोठा डबा, शिवाय मैत्रिणीचंही थोडं सामान. ‘जागा आहे न’ म्हणत सगळं आत गेलं. निघताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, तर चौदा किलो. त्यातले दोन किलो निव्वळ रिकाम्या बॅगेचे. माझं स्वतःचं वजन तेव्हा चोपन्न होतं.

परतीच्या दिवशी लॉज सकाळीच सोडावं लागलं आणि सामान ठेवून घ्यायला मालक तयार झाले नाहीत. मग चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या मी ते चौदा किलो घेऊन चढले. चौरागडाला महादेवाला त्रिशूळ वाहायची रीत आहे. विदर्भातून आलेली माणसं लहान-मोठे त्रिशूळ खांद्यावर घेऊन वर जातात. माझ्यापुढे एक साठीची बाई होती. दर वळणावर ती थांबायची, त्रिशूळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची, ‘हर हर महादेव’ म्हणायची आणि पुढे निघायची. माझ्याकडे बदलायला दुसरा खांदा नव्हता, दोन्हींवर पट्टे होते. बॅगेच्या वरच्या कप्प्याचं टोक डोक्याला मागून लागत होतं, त्यामुळे वर बघता येत नव्हतं. कमरेचा पट्टा घट्ट केला तरी घसरून मांड्यांच्या दिशेनं जायचा. रात्री बसमध्ये दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या आल्या आणि छिंदवाड्याला चहाचा पेला धरता येईना. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की पट्ट्यांखाली खांद्याजवळच्या नसा दाबल्या गेल्या आहेत. आठवड्याभरात बरं वाटलं, पण ती बॅग मी पुन्हा पाठीला लावली नाही.

मग उलट टोक गाठलं. चोवीस लिटरची, रोज शाळेत नेत होते तीच बॅग घेऊन ऐन पावसाळ्यात कळसूबाईला गेले. आत मावेना म्हणून चादर आणि कपडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती वळकटी बाहेर सुतळीनं बांधली. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. पावसात, धुक्यात त्या चढताना प्रत्येक पायरीला ती वळकटी एका बाजूला झुलायची आणि मला ओढायची. वजन जेमतेम सहा किलो, तरी चौरागडापेक्षा मी तिथे जास्त घाबरले. लहान बॅगेत सामान कमी होतंच असं नाही, ते बाहेर लोंबकळायला लागतं.

आता बाबांबद्दल. माझे बाबा पोस्टमन होते. चौतीस वर्षं महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांत त्यांनी टपाल वाटलं. सायकल जिथवर जाईल तिथवर सायकल, पुढे पायी. खाकी पिशवी, एकच रुंद पट्टा, नेहमी उजव्या खांद्यावर, कारण डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा असायचा. आज त्यांचा उजवा खांदा डाव्याहून खाली आहे. इस्त्री केलेला सदरा घातला की दोन्ही बाह्या वेगळ्या उंचीवर येतात. लहानपणी मला सगळ्यांचे बाबा असेच एका बाजूला कललेले असतात असं वाटायचं. पचमढीहून आल्यावर आई माझ्या खांद्यांवरच्या लाल वळांना तेल लावत होती, तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवून पाहिलं आणि म्हणाले, “एका खांद्यावरून दोन खांद्यांवर आली तू. वजन तं खांद्यावरच राहिलं न.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी भूगोल शिकवते. नकाशा आणि उतार वाचायची सवय आहे, पण आपल्या अंगातून वजन कसं खाली उतरतं याचा विचार कधी केला नव्हता. वाचायला लागले. कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी नावाच्या सुताराचं नाव भेटलं. १९५२ च्या सुमारास त्यानं बायकोच्या मदतीनं घरीच अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या पाठपिशव्या बनवून विकायला सुरुवात केली. डोंगरात फिरताना चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली, तर खांदे एकदम हलके झाले, असं त्याच्याविषयी सांगतात. त्याच विचारातून कमरेच्या पट्ट्याचा वापर रुळला. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोव या अमेरिकन गिर्यारोहकानं ती चौकट बाहेरून पिशवीच्या आत घेतली, आणि आजच्या सॅकचं रूप तयार झालं.

हे आईला वाचून दाखवलं तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. “पोराले कडेवर घेतात ते काय उगाच?” एवढंच म्हणाली. खरंच की. माझ्या आजीनं घागर डोक्यावर चुंबळ ठेवून नेली आणि दुसरी कडेवर. पोर, कळशी, धान्याची टोपली, सगळं बायकांनी कमरेच्या हाडावर टेकवून वाहिलं. ते हाड वजन पायांत पोचवतं. खांद्याला असं काही नाही. तिथे नुसती एक नाजूक गळपट्टीची कमान आहे, तिच्यावर टांगावं ते पाठीला आणि मानेलाच ओढतं.

म्हणून आता कुणी मला विचारलं की बॅग किती लिटरची घेऊ, तर मी आधी पाठ मोजायला सांगते. आमच्याकडे हे काम शिवणाच्या डब्यातल्या टेपनं झालं. मान पुढे वाकवली की तिच्या तळाशी एक हाड टोकासारखं वर येतं, तो मानेचा सातवा मणका. तिथे टेपचं टोक धरायचं. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायचे, अंगठे मागे पाठीकडे. दोन अंगठ्यांमधली सरळ रेघ कण्याला जिथे मिळते, तिथपर्यंतचं अंतर म्हणजे आपल्या पाठीची लांबी. माझी ४१ सेंटिमीटर भरली. माझा धाकटा भाऊ माझ्याहून दोन इंचांनी बुटका आहे, त्याची भरली ४६. उंचीवरून पाठ कळत नाही, माझी उंची पायांत आहे. ती साठ लिटरची बॅग पन्नासच्या आसपासच्या पाठीसाठी केलेली असणार. तिचा पट्टा माझ्या कमरेवर बसणं शक्यच नव्हतं, आणि मी मात्र वर्षभर स्वतःच्या ताकदीला दोष देत राहिले. अनेक मुली, बायका हेच करतात असं मला दिसतं. आपल्याला झेपत नाही म्हणून डोंगर सोडतात आणि बॅग तशीच राहते.

माप हातात घेऊन बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानात सांगितलं तर उत्तर आलं, “मॅडम, बॅगमधी लेडीज-जेन्ट्स काही नसते. एकच साइज येते.” दुसऱ्या दुकानात लॅपटॉपचा कप्पा किती जाड आहे हे पंधरा मिनिटं ऐकलं. तिसरं दुकान आडगल्लीत होतं, बहुतेक माल एनसीसी आणि स्काउटचा. तिथले काका वयस्क होते. त्यांनी ४१ हा आकडा ऐकला, पाठीमागे पट्टे खाली-वर सरकवता येतात अशा दोन बॅगा काढल्या आणि पोऱ्याला शेजारच्या किराणा दुकानातून पाच-पाच किलोच्या आट्याच्या दोन थैल्या आणायला पाठवलं. “रिकामी बॅग सगळ्यांलेच चांगली लागते,” म्हणाले. ते दहा किलो आत घालून मला दुकानाच्या मागच्या जिन्यावरून चार वेळा वर-खाली करायला लावलं. घाई करू दिली नाही. पट्टे कसे बांधायचे तेही दाखवलं. आधी सगळे ढिले करायचे, मग कमरेचा पट्टा हाडावर बसवून घट्ट करायचा, त्यानंतर खांद्याचे ओढायचे, नुसते टेकतील इतकेच. मग खांद्याच्या वरून बॅगेकडे जाणारे दोन छोटे पट्टे ओढले की बॅगेचा वरचा भाग पाठीला चिकटतो. छातीवरचा पट्टा सगळ्यांत शेवटी, आणि श्वास अडेल इतका कधीच नाही. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जातंय.

त्या दोन बॅगांपैकी एक वरून तोंड असलेली होती, दोरीनं आवळायची, आणि दुसरी पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी. डोंगरावर पहिली बरी, चेनची भानगड नाही. पण मी दुसरी घेतली, कारण मला रात्री दोन वाजता, डब्यातले दिवे बंद असताना, समोरच्या बर्थवरच्या आजींची झोप न मोडता स्वेटर काढायचा असतो. वरून तोंड असलेल्या बॅगेत हवी ती वस्तू नेहमी तळाशी सापडते आणि सगळं बर्थवर मांडावं लागतं. शिवाय पूर्ण उघडणाऱ्या बॅगेच्या दोन्ही चेनच्या कड्यांत छोटं कुलूप घालता येतं. याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्याचा डोंगर रेल्वेच्या पलीकडे आहे, त्यानं समोरून उघडणारीच घ्यावी, आणि चेन जाड दात्यांची आहे ना ते दहादा ओढून पाहावं.

पाठीच्या जाळीचं मात्र ठरवायला वेळ लागला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळे पाठ आणि बॅग यांच्यामध्ये ताणलेली जाळी, मधून वारा, ही कल्पना ऐकूनच बरं वाटतं. जर्मनीच्या डॉयटर कंपनीनं १९८४ मध्ये अशी पाठ आणली आणि मग इतरांनीही. पण तिची किंमत मोजावी लागते: बॅग पाठीपासून काही सेंटिमीटर लांब जाते, आणि तेवढंच वजन मागे ओढतं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या वाहणाऱ्या हमालांना पाहा. पेटी अंगाला घट्ट चिकटलेली असते, मध्ये हवा जाऊ देत नाहीत. दहा किलोच्या आतलं ओझं असेल तर जाळी घ्यावी, त्याहून जास्त नेणार असाल तर घामाची सवय करावी, असं मला वाटतं. माझ्या बॅगेत मधला मार्ग आहे. पाठीला दोन जाड उशा आणि मध्ये पन्हाळीसारखी खोबण. पाठ भिजते, पण कण्याच्या रेषेत वारा लागतो.

कापडाबद्दल थोडक्यात. लेबलवर ‘२१० डी’ किंवा ‘४२० डी’ लिहिलेलं असतं, तो डेनिअर: नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, धागा जाड. चाळीस लिटरला अंगाला २१० आणि तळाला ४२० असलं की सातपुड्यातल्या बोरी-बाभळींना पुरतं. पण कापडाचं आयुष्य डोंगरात कमी आणि आपल्या माळ्यावर जास्त संपतं. माझी साठ लिटरची बॅग एका पावसाळ्यानंतर मी दमट असतानाच माळ्यावर टाकली होती. तीन वर्षांनी काढली तर आतून चिकट झालेली, आणि पांढरे पापुद्रे हाताला लागत होते. पाणी अडवण्यासाठी आतून पॉलियुरेथेनचा थर देतात, तो ओलीनं आणि उष्णतेनं हळूहळू विरघळल्यासारखा होतो. त्यानंतर ती बॅग गाळणी झाली. म्हणून आताची बॅग दारामागे, वाऱ्यावर टांगलेली असते, चेन उघड्या ठेवून.

पावसासाठी कव्हर मिळतं, पण ते फक्त बाहेरच्या बाजूला. पाठीवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांच्या शिवणीतून आत जातंच. माझा उपाय आईच्या स्वयंपाकघरातला आहे: तांदळाच्या मोठ्या कट्ट्याच्या आत असते तशी जाड, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी. आधी ती आत, सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन गाठ. एवढ्यावर पुढच्या पावसाळ्यात गाविलगडाच्या तटावर तीन तास सलग भिजले, कपडे कोरडे राहिले.

आणि चाळीसच का? घरी पाण्याचा वीस लिटरचा कॅन येतो, तो डोळ्यांसमोर आणा. तसे दोन. तीन-चार दिवसांचे कपडे, एक गरम जाकीट, पातळ स्लीपिंग बॅग, औषधं, टॉर्च, डबा आणि पाणी त्यात बसतं, आणि सगळं मिळून आठ-नऊ किलोच्या वर जात नाही, कारण जागाच संपते. उन्हाळ्यात त्यातले तीन किलो नुसतं पाणी असतं. ते पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर ठेवायचं, तळाशी नाही. विमानाचं म्हणाल तर हातातल्या सामानाला बहुतेक ठिकाणी ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आणि सात किलो. त्या खोक्याचा गुणाकार केला तर अठ्ठेचाळीस लिटर येतो. चाळीसची बॅग त्यात मावते, पण तिची उंची मोजून घ्यायची, कारण डोंगरी बॅगा अरुंद आणि लांब असतात. सात किलोत बॅगेचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, म्हणून दीड किलोच्या वरची रिकामी बॅग मी घेणार नव्हते. माझी १३५० ग्रॅम आहे. नागपूरकराला आणखी एक हिशोब असतो: कुणाकडे जायचं म्हणजे संत्रा बर्फीचे दोन डबे आलेच. त्यांची जागा मी आधी ठेवते, मग बाकीचं भरते.

गेल्या आषाढात मी पचमढीसाठी बॅग भरत होते. यावेळी धूपगड, १३५२ मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. बाबा दारात उभे राहून बघत होते. तरुणपणी ते दर श्रावणात मित्रांबरोबर पचमढीच्याच डोंगरातल्या नागद्वारीच्या यात्रेला जायचे, खांद्याला झोळी, झोळीत चादर आणि भाकरी-ठेचा. निवृत्तीनंतर एकदा गेले आणि खांदा धरून परत आले, त्यानंतर तो विषय घरात निघाला नव्हता. बॅग नऊ किलो भरली. “पाहू बरं,” म्हणाले.

मी पट्टे ढिले केले आणि त्यांच्या पाठीला बॅग लावली. कमरेचा पट्टा हाडावर बसवून दिला. खांद्याचे ओढताना उजवीकडचा थोडा जास्त ओढावा लागला. बाबा काही बोलले नाहीत. अंगणात गेले, फाटकापर्यंत चालले, फाटक उघडलं आणि बाहेर पडले. मी आणि आई दारात थांबलो. दहा मिनिटांनी ते दुधाची पिशवी घेऊन परत आले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले होते. बॅग काढायला मी हात पुढे केला तर म्हणाले, “राहू दे जरा.” मग पुन्हा फाटकाकडे वळले.

आईनं शिवणाचा डबा काढला. बॅग उतरवल्यावर बाबांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मान वाकवायला लावली, आणि मी टेपचं टोक त्या हाडावर धरलं. आईनं खाली अंगठ्यांच्या रेघेशी पाहिलं.

“चव्वेचाळीस,” ती म्हणाली. मी ते कॅलेंडरवर, श्रावणाच्या पानावर लिहून ठेवलं.